डब्याला दुसरं तोंड

शनिवार, रात्री साडेअकरा

तीन रविवार पुढे ढकललेलं काम आज एकदाचं उरकलं. हेडफोन ॲम्पला, म्हणजे हेडफोनसाठी आवाज वाढवणाऱ्या माझ्या डब्याला, दुसरा इनपुट बसला. आता लॅपटॉपचा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) आणि बाबांचा कॅसेट डेक दोन्ही कायमचे जोडलेले, मध्ये एक खटका.

ॲम्प साधाच आहे. चू मॉय यांचं प्रसिद्ध सर्किट, ओपीए 2134 आयसी आणि 9 व्होल्टची बॅटरी. परदेशात लोक ते पेपरमिंटच्या डबीत बसवतात, माझं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. सॉकेट एकच होतं. बाबांना संगीत संमेलनाची कॅसेट ऐकायची झाली की माझी पिन उपटायची, त्यांची खुपसायची. या उपटाउपटीत सॉकेट इतकं सैल झालं की डावा कान मनाला येईल तेव्हा वाजायचा.

खटका सहा पिनांचा, डीपीडीटी (दोन वायरी एकदम इकडून तिकडे वळवणारा), बुधवार पेठेतून आणलेला. मधल्या दोन पिनांवरून डावा-उजवा व्हॉल्यूमच्या पॉटकडे (म्हणजे आवाजाच्या फिरत्या बटणाकडे), एका टोकाच्या दोन पिनांवर डॅक, दुसऱ्या टोकाच्या दोनवर डेक. ग्राउंड, म्हणजे परतीची वायर, सगळ्यांची एकत्र. कागदावर दोन मिनिटांचं काम. प्रत्यक्षात पहिला खटका मी मारलाच. सोल्डरिंग गन पिनेवर जरा जास्त टेकली, आतलं प्लास्टिक वितळलं आणि दांडा हलणाऱ्या दातासारखा डुगडुगायला लागला. नशीब, दोन घेतले होते. दुसऱ्याच्या पिनांना आधीच कथिल लावून ठेवलं आणि प्रत्येक टाक्यानंतर फुंकर मारत बसलो.

जोडणी झाली, मल्टिमीटरने तपासली, बाबांना हाक मारली. त्यांनी कॅसेट लावली, आवाज हवा तेवढा वाढवला, खूश. मग मी खटका डॅककडे टाकला आणि त्यांनी हेडफोन कानावरून अक्षरशः फेकला. "अरे, बहिरा करतोस का मला!"

चूक माझीच. डेकमधून येतात साधारण 0.3 व्होल्ट, डॅक देतो 2. सहा-सात पट. वर ॲम्प त्याला अकराने गुणतो, म्हणजे 22 व्होल्ट हवेत आणि घरात बॅटरी नऊची! इतके दिवस डॅक ऐकताना बटण जेमतेम हलवावं लागायचं आणि तिथे गाणं थोडं उजवीकडे कलायचं. मी दोष हेडफोनला देत होतो. खरं तर स्वस्त पॉटचे डाव्या-उजव्या कानाचे दोन भाग अगदी सुरुवातीच्या टप्प्यात एकमेकांशी जुळतच नाहीत. दुसरा इनपुट आला नसता तर हे माझ्या कधी लक्षात आलं नसतं.

उपाय चार रेझिस्टरचा. डॅकच्या प्रत्येक वायरमध्ये 10 किलोओहम, आणि त्याच्यापुढे 2.2 किलोओहम ग्राउंडला. पॉट 10 किलोओहमचा धरला तर 2 व्होल्टचे जवळपास 0.3 होतात. आता दोन्हीकडे बटण घड्याळातल्या अकरावर राहतं आणि गाणं बरोबर मध्यात बसतं. खटक्यापेक्षा ही चार कांडीच खरी कामाची निघाली.

एक गुणगुण राहिलीये. लॅपटॉप चार्जरवर असला की बारीक घूंऽऽ येतं, चार्जर काढला की गप्प. लॅपटॉप आणि डेक, दोघांची ग्राउंड माझ्या डब्यात एकत्र आहेत, त्याचाच हा प्रताप असणार. ग्राउंडही तोडायचं तर जास्त पिनांचा खटका लागेल. सध्या चार्जर काढणं सोपं. आळस म्हणा.

आणखी एक गंमत. या खटक्याचा दांडा वर केला की आत मधली पिन खालच्या पिनेला जोडली जाते. मला माहीत होतं, तरी विसरलो. वर 'मी' आणि खाली 'बाबा' असं मार्करने आधीच लिहून बसलो होतो, वाजतं मात्र उलटं. परत सोल्डर कोण काढणार? स्पिरिटने अक्षरं पुसली. आता 'बाबा' वर आहेत. ते म्हणाले, "हे बरोबर आहे."