जनगणनेची तारीख आणि वयाचा हिशेब

माझ्या पुतणीचे सासर लँकेशायरचे, पिढ्यान्‌पिढ्या सूतगिरण्यांत राबलेले. त्या घराण्याची वंशावळ नीट लिहून काढण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे आणि त्यासाठी ब्रिटिश जनगणनेची पाने हाच मुख्य आधार आहे. नातलगांनी पूर्वी करून ठेवलेल्या टिपणांत ‘१८८१च्या जनगणनेत वय ४०, म्हणून जन्म १८४१’ अशा नोंदी जागोजागी आढळतात. वजाबाकी बरोबर असली तरी निष्कर्ष बहुधा चुकीचा आहे, कारण त्यात जनगणनेची तारीखच धरलेली नाही.

ती जनगणना ३ एप्रिल १८८१ या रविवारच्या रात्रीची होती. त्या रात्री ज्याला ४० वर्षे पूर्ण झाली होती, त्याचा जन्म ४ एप्रिल १८४० ते ३ एप्रिल १८४१ या दरम्यानचा. म्हणजे जवळजवळ नऊ महिने १८४० सालात पडतात आणि १८४१च्या वाट्याला जेमतेम तीन येतात. इंग्लंडमधील जन्मनोंदणीची सूची जुलै १८३७ पासून तिमाहीवार लावलेली आहे, त्यामुळे नुसते ‘१८४१’ हाती धरून शोधणारा माणूस बहुतेक वेळा भलत्याच तिमाह्या चाळत बसतो. सांगितलेले वय मुळातच खोटे किंवा अंदाजाने दिलेले असू शकते, हे खरे. पण त्या अनिश्चिततेत आपल्या हिशेबाची भर कशाला?

तारखा दर वेळी सारख्या नव्हत्या, हा आणखी एक घोळ. १८४१ची जनगणना ६ जूनला झाली, १८५१ची ३० मार्चला. मधले अंतर दहा वर्षांचे नसून सुमारे नऊ वर्षे दहा महिन्यांचे आहे. त्यामुळे पहिल्या वेळी ८ वर्षांचा असलेला मुलगा दुसऱ्या वेळी १७ वर्षांचा दिसला, तर तो दुसराच कोणी असावा असे मानण्याचे कारण नाही. शिवाय १८४१मध्ये पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहावीत असा नियम होता. गणकांनी तो सरसकट पाळला नाही, पण पाळला असेल तेथे ‘४०’ म्हणजे ४० ते ४४ यांपैकी काहीही. १९२१ची जनगणना तर औद्योगिक संपांच्या धास्तीमुळे एप्रिलऐवजी १९ जूनला घेण्यात आली.

अमेरिकेच्या कागदांत गुंता निराळा आहे. तेथे पानाच्या माथ्यावर गणकाने घरी भेट दिल्याची तारीख असते, पण माहिती मात्र ठरावीक दिवसाची द्यायची असते. १९००मध्ये हा दिवस १ जून होता. समजा, पानावर १४ जून ही तारीख आहे आणि घरातले आजोबा ५ जूनला वारल्याचा दाखला आपल्याकडे आहे. तरीही आजोबांचे नाव त्या पानावर असणे नियमाला धरूनच आहे, आणि ५ जूनला जन्मलेले बाळ तेथे नसणेही तसेच. म्हणून अशा नोंदीत मी दोन्ही तारखा लिहितो, ठरलेला दिवस आणि भेटीचा दिवस. पुढे हा दिवसही बदलला: १९१०मध्ये १५ एप्रिल, १९२०मध्ये १ जानेवारी, १९३०मध्ये १ एप्रिल.

तारीख नेमकी ठाऊक असली की न सापडण्याचाही अर्थ लागतो. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये अमेरिकेत पोहोचल्या आणि १८८६मध्ये परतल्या. तेथील राष्ट्रीय जनगणना १८८० आणि १८९० या सालांतल्या. पंडिता रमाबाईही १८८३ ते १८८६ या काळात इंग्लंडमध्ये होत्या आणि तेथील जनगणना १८८१ व १८९१च्या. दोघींचेही नाव त्या कागदांत शोधणे व्यर्थ आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरली ती २ एप्रिल १९११ची ब्रिटिश जनगणना. तिच्यात विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे पूर्ण झाली आणि किती मुले झाली, त्यांतली किती हयात, हे विचारलेले आहे. लग्नाला १२ वर्षे पूर्ण झाल्याचे लिहिले असेल, तर लग्न ३ एप्रिल १८९८ ते २ एप्रिल १८९९ या मुदतीत शोधावे.

आपल्याकडे १८८१ची गणना १७ फेब्रुवारीला झाली होती, पण घरोघरच्या नोंदी संशोधकाच्या हाती येत नाहीत, आणि १९४८च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम त्या पाहू देत नाही. मराठी घराण्याच्या वंशावळीसाठी म्हणूनच तहसील कचेरीतले कोतवाल बुक गाठावे लागते, जिथे जन्ममृत्यूची नोंद असते आणि वयाच्या वजाबाकीचा प्रश्नच उरत नाही.