इंदूरचे सहा डबे आणि आमचं घर

इंदूरला आल्यापासून नाशिक-पुण्याच्या नातेवाइकांचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "खरंच इतकं स्वच्छ आहे का गं तुमचं इंदूर?" आहे बाई. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला नंबर आला, शेवटच्या वेळी सुरतेबरोबर विभागून. रस्त्यावर कागदाचा कपटा शोधावा लागतो. पण एवढं सांगेपर्यंत फोन दुसऱ्या विषयावर जातो आणि मला जे खरं सांगायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून आज लिहायलाच बसले.

सांगायचंय ते असं, की शहर स्वच्छ असलं म्हणजे घर पर्यावरणाला धरून चालतंय असं होत नाही. रस्त्यावर कचरा दिसत नाही, कारण तो कोणीतरी उचलतं. घरातून तो निघतोच, आणि कधीकधी जास्तच निघतो, कारण दारात गाडी येणार ही खात्री असते. इंदूरने मला शिकवलं ते वेगळंच. आपल्या घरातून रोज काय बाहेर पडतं, ते इथे नीट दिसतं.

तसा हा काही परदेश नव्हे. व्हिसा लागत नाही, राजवाड्यासमोर अहिल्याबाईंचा पुतळा आहे, आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी रामरक्षा ऐकू येते. तरी सासूबाई अजून "तिकडच्या मुलखात" असंच म्हणतात. दाराबाहेर हिंदी, दाराच्या आत मराठी, आणि दारात उभं राहून बोलताना दोन्हींची खिचडी. आमच्या घरमालकीण काकूंच्या घराण्याच्या कैक पिढ्या इथेच गेल्या. त्यांची मराठी ऐकायला गोड लागते: "अगं, गाडी आली, डबे बाहेर ठेवून दे, आणि झाकण बघून घे."

ही गाडी म्हणजे महापालिकेची कचऱ्याची गाडी. गाणं वाजवत येते, रोजच्या ठरलेल्या वेळी. तिला वेगवेगळे कप्पे आहेत: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक. घातक म्हणजे मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, रंगाचे डबे वगैरे. सगळं एकत्र करून दिलं तर घेत नाहीत, वर दंड. पहिल्याच आठवड्यात गाडीवरच्या मुलाने देवाच्या निर्माल्यातून हाराचा दोरा बोटाने उचलून माझ्यापुढे धरला, "दीदी, ये गीले में नहीं जाएगा." रागावला नाही, फक्त दोरा परत दिला. काकू गॅलरीतून बघत होत्या. त्या दिवसापासून हार सोडवून फुलं वेगळी करायचं काम आमच्या मुलीकडे आहे आणि ती ते आवडीने करते.

मला सगळ्यात नवल वाटलं ते सॅनिटरीच्या डब्याचं. आमच्याकडे तिकडे ते वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत, मग आणखी एका पिशवीत, असं तीन पडद्यांआड लपवून एकत्रच फेकायचं. इथे काका, म्हणजे काकूंचे यजमान, सगळ्या घराचे डबे घेऊन दारात उभे असतात, आणि त्यात तोही असतो. सुनेचे पॅड, नातीचे डायपर, सगळं. चेहऱ्यावर रेषाही हलत नाही. गाडीवरच्या माणसाने कोणाच्या घरची घाण हाताने वेगळी करू नये म्हणून ती आपणच आधी वेगळी करायची. त्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला काकांकडे बघून कळलं.

ओल्या कचऱ्याचं पुढे काय होतं, तेही सांगते, कारण मुलांना त्याचं भारी कौतुक. देवगुराडियाला, जिथे पूर्वी शहराच्या कचऱ्याचे डोंगर होते, तिथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी मोठा गोबरधन प्रकल्प सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे. हवा न लागू देता तो कुजवला की गॅस तयार होतो, तो शुद्ध केला की बायो-सीएनजी. दिवसाला सुमारे १७,००० किलो गॅस आणि १०० टन खत, असा हिशेब. त्यातला गॅस सिटी बसमध्ये जातो. बस दिसली की आमचा धाकटा ओरडतो, "आई, आपल्या बटाट्याच्या सालांवर चाललीये!" पण ह्या प्रकल्पाला प्लास्टिक, काच, दोरे मिसळलेला माल चालत नाही. म्हणूनच तो हाराचा दोरा.

आता मुद्द्याचा डबा, प्लास्टिकचा. सगळं एकाच बादलीत जात होतं तेव्हा मला शपथेवर वाटायचं की आमच्या घरात प्लास्टिक फार नाही. वेगळा डबा ठेवला आणि तो जमाखर्चाच्या वहीसारखा बोलायला लागला. दुधाच्या पिशव्या तर होत्याच, पण त्याहून जास्त होती नमकीनची पाकिटं. आणि का नसतील! ह्या गावात पोह्यांवर सेव, चाटवर सेव, भाजीत सेव, पाहुण्यांपुढे सेव. वर जिरावनच्या, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याच्या, पुड्या वेगळ्या.

दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. धुऊन वाळवली तर भंगारवालासुद्धा घेतो. फक्त एक करायचं: कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा, कारण सुटलेला तो इवलासा तुकडा पुढे कोणाच्याही हाती लागत नाही. आमच्या स्वयंपाकघरात आता उलट्या केलेल्या पिशव्या टाइल्सना चिकटून वाळत असतात. दिसायला काही शोभा नाही, पण असू दे. चकचकीत पाकिटांचं दुखणं निराळं. त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं जिकिरीचं. म्हणजे ती घरात न आणणं हाच उपाय.

आणि इंदुरात तो सोपा आहे, कारण नमकीनच्या दुकानात सेव अजून सुटी मिळते. स्टीलचा डबा घेऊन जायचं. दुकानदार आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो, म्हणजे त्याचं वजन वेगळं धरतो, मग सेव तोलतो. पहिल्यांदा मी डबा पुढे केला तेव्हा वाटलं, हा आता कपाळाला आठ्या घालणार. त्याने उलट डब्यावर दोनदा टिचकी मारली, जाडी बघितली आणि म्हणाला, "पुराना माल है, भाभी, अब ऐसा नहीं आता." डबा आजेसासूबाईंचा होता, त्यामुळे मला उगीचच अभिमान वाटला. लौंग सेव, साधी सेव, दोन डबे. पाकिटांपेक्षा ताजी, आणि अर्धा किलोची सक्तीही नाही.

मी एक गोष्ट ठरवून टाकली आहे: एका वेळी एकच पाकीट हद्दपार करायचं. आधी नमकीन, मग दुधाचा रतीब किटलीत, मग भाजीच्या पिशव्या. सगळं एकदम करायला गेलं की आठवडाभर उत्साह टिकतो आणि मग नवरा गुपचूप चिप्स आणतो. (आणतो अजूनही. पाकीट मात्र स्वतः पुसून डब्यात टाकतो, एवढी प्रगती.) ठाण्याहून भाच्याने विचारलं होतं, आमच्या सोसायटीत सगळं एकत्रच उचलतात, मग वेगळं करून काय उपयोग? उपयोग तुझ्या डोळ्यांना आहे रे. आठवडाभर फक्त प्लास्टिक वेगळं साठव आणि रविवारी जमिनीवर पसर. कुठल्या वस्तूचा ढीग मोठा आहे ते बघ आणि तेवढीच एक वस्तू बदल.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाबद्दल तर मला भांडायचंच आहे. वाण म्हणून आपण काय काय लुटतो! प्लास्टिकच्या वाट्या, चाळण्या, साबणदाण्या, कंगव्यांचे संच. शंभर बायकांच्या घरी शंभर चाळण्या, आणि पुढच्या संक्रांतीला त्याच फिरून आपल्याकडे. काकूंनी गेल्या हळदीकुंकवाला काकांच्या जुन्या धोतरांच्या पिशव्या शिवून वाटल्या. मऊ सुती कापड, नाडी ओढून बंद करायच्या. मेथी, कोथिंबीर निवडून त्यात घातली, पिशवी जराशी ओलसर ठेवली, की फ्रीजमध्ये प्लास्टिकपेक्षा छान टिकते. पालेभाजीला श्वास लागतो. काही बायकांनी नाकं मुरडली, जुनं कापड वाणात देतात का म्हणून. महिन्याभराने त्यातल्याच एकीने काकूंना आणखी दोन मागितल्या. त्या दिवशीचा तिळगूळही स्टीलच्या वाट्यांत होता. भजनी मंडळाची भांडी आहेत, ज्याच्याकडे कार्यक्रम त्याने न्यायची, घासून परत करायची. थर्माकोलच्या द्रोणांचा खर्च वाचतो आणि दुसऱ्या दिवशीचा डोंगरही.

पाण्याकडे बघायची दृष्टीही इथेच बदलली. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं, पण नर्मदा काही गावातून वाहत नाही. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी चढवत चढवत ते माळव्याच्या पठारावर आणावं लागतं. म्हणजे आपल्या नळातल्या प्रत्येक बादलीत वीजही असते. हा विजेचा भार हलका करायला जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचं ठरलं, आणि त्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून २४४ कोटी रुपये उभे केले. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. त्यामुळे काटकसर शिकवावी लागत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला. पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत साठवून फरशी पुसायला, संडासात टाकायला. ते झाडांना रोज घालू नका, त्यात क्षार दाट झालेले असतात. आंघोळ बादलीने. शॉवर आहे, पण त्यावर टॉवेल वाळतो.

उन्हाळ्यात एसी घेतला नाही म्हणून माहेरची मंडळी हळहळतात. मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्यांना हे पटणार नाही, पण माळव्याचा उन्हाळा कोरडा असतो, त्यात कूलर मस्त चालतो. इथल्या गार रात्रींना 'शब-ए-मालवा', माळव्याची रात्र, असं उगाच म्हणत नाहीत. दिवसभर पडदे ओढून घर बंद ठेवायचं, सूर्य मावळला की गच्चीवर दोन बादल्या पाणी शिंपडायचं आणि खिडक्या सताड उघडायच्या. कूलर पाणी पितो हे खरं. विजेचं वाचलं ते पाण्यात गेलं, असा वाद आमच्याकडे दर मे महिन्यात होतो आणि दरवेळी अनिर्णित राहतो.

खताचं थोडक्यात. कुंड्या आहेत तेवढ्यापुरतंच खत मी घरी करते, बाकीचा ओला कचरा गाडीला. जुन्या माठाला भोकं पाडून त्यात एक थर सालांचा, एक थर वाळक्या पानांचा, वर थोडं आंबट ताक. वास आला तर समजायचं की ओलं जास्त झालं, वाळकी पानं वाढवायची. हिवाळ्यात नागपुरी संत्री आली की त्यांच्या सालांचं फरशी पुसायचं पाणी करते: एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बरणीत तीन महिने. काचेची बरणी घेऊ नका, आत वायू साठतो. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा.

रविवारी मुलांना मॉलऐवजी सिरपूर तलावावर नेतो. होळकरांच्या काळात बांधलेला हा तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरलाही पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. थंडीत पाहुणे पक्षी येतात. दुर्बीण एक, भावंडं दोन, म्हणजे भांडण ठरलेलं, पण खर्च फक्त घरून नेलेल्या पोह्यांचा.

एक लढाई मात्र मी हरतेच आहे, ती ऑनलाइन पार्सलची. एवढीशी पेन्सिलची टोकं आणि त्याला हातभर खोका, आत हवेच्या पिशव्या. खोके सुक्यात जातात, हवेच्या पिशव्या मुलं फोडतात आणि मग त्या प्लास्टिकच्या डब्यात येतात. काकू म्हणतात, "राजवाड्याजवळ पेन्सिलीची दुकानं नाहीत का गं?" आहेत. जायला वेळ नसतो, हे उत्तर काकूंपुढे देता येत नाही.

दिवाळीला तुमच्यापैकी जे येणार आहेत त्यांनी पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणू नका, घरात माठ आहे. सराफ्यात, म्हणजे सराफा बाजारात रात्री खाण्याच्या गाड्या लागतात तिथे, खायला जाऊ, तेव्हा प्रत्येकाने आपापला चमचा बरोबर घ्या. आणि परत नेण्यासाठी घट्ट झाकणाचे दोन रिकामे डबे आणा, कारण लौंग सेवेचं तेल कागदातून उतरतं आणि मागच्या वेळी आत्याची नवी पैठणी त्यानेच गेली.