सरांची पायतपासणी

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं शाळेचं पत्र मेलबर्नला पोचलं आणि डोळ्यांपुढे पी.टी.चे सर सोडून दुसरं कुणी आलंच नाही. बाकीच्या गुरुजनांबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी सरांबद्दलच लिहिणार.

सर बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन शाळेत आले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सोमवारी प्रार्थना संपली की ते गणवेश बघायच्या आधी पाय बघत. बूट-मोजे काढून रांगेत उभं राहायचं. नखं सरळ रेषेत कापलेली हवीत. कोपरे गोल कापले की नख मांसात रुततं आणि पोरगं आठवडाभर लंगडतं. बोटांच्या बेचक्या कोरड्या हव्यात, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या होतात. मोजा टाचेवर घट्ट ओढायचा, कारण जिथे चुणी पडते तिथेच फोड येतो. बुटाच्या टोकाशी अंगठ्याची रुंदी मावेल एवढी जागा ठेवायची आणि बूट घ्यायचे तर संध्याकाळी, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा. एवढं बघून झाल्यावरच चेंडू मिळायचा.

इकडे आल्यावर जॉर्ज चॅलिसची हकिगत वाचनात आली. सरांना ती सांगायची राहून गेली, म्हणून इथे सांगतो.

चॅलिस १८९१चा, टास्मानियाचा. पेशाने शिक्षक. लॉन्सेस्टनच्या संघाकडून ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळायचा, ज्याला इथे नुसतं 'फूटी' म्हणतात. १९११ साली ॲडलेडच्या स्पर्धेत टास्मानियाकडून उतरला आणि पुढच्या वर्षी मेलबर्नच्या कार्लटन संघात आला. जागा विंगची. हा खेळ क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर चालतो. एका संघाच्या १८ जणांपैकी पंधरा जण पाच ओळींत तीन-तीन उभे राहतात, उरलेले तिघे चेंडूमागे धावतात आणि मधल्या ओळीच्या दोन टोकांना विंग असतात. मागच्या फळीकडून आलेला चेंडू पुढच्या फळीला पोचवायचा, आणि डाव उलटला की तेवढंच अंतर परत मागे धावायचं. त्या काळी २५ मिनिटांचे चार भाग असत आणि बदली खेळाडू नसे. कुणी जायबंदी झालं तर संघ १७ जणांवर खेळे. विंगच्या माणसाचे पाय गेले तर मैदानाची एक अख्खी बाजू उघडी पडे.

आणि पहिल्या महायुद्धात तो भरतीला गेला तेव्हा लष्कराने त्याला आधी परत पाठवलं ते पायासाठीच! बोटात दोष होता. सरांनी त्याचे पाय बघितले असते तर काय म्हटलं असतं, हा विचार मनातून जात नाही.

तेव्हाची मानाची किक म्हणजे ड्रॉप किक. लांबट चेंडू उभा धरून सोडायचा आणि खालचं टोक जमिनीला टेकून उसळतं त्याच क्षणी पायाचा वरचा भाग लावायचा. उशीर झाला की चेंडू नडगीवर बसतो. चिखलात तो नीट उसळतच नाही, म्हणून ती किक मागे पडली आणि आता सगळे ड्रॉप पंट मारतात, चेंडू जमिनीला टेकू न देता. दोन्हींत चूक एकच होते: मुलं चेंडू वर उडवतात, तो वाऱ्याने कलतो आणि किक तिरकी जाते. एका हाताने तो पायापर्यंत न्यायचा असतो. "टाकू नका रे, ठेवा," असं सर गोलकीपरला ओरडून सांगायचे. दर शनिवारी इथल्या बारा वर्षांखालच्या मुलांना मी तेच इंग्रजीत सांगतो.

१८ सप्टेंबर १९१५ ला अंतिम सामना झाला. कार्लटन ११.१२, कॉलिंगवूड ६.९. टिंबाआधीचा आकडा गोलचा, प्रत्येकी ६ गुण; नंतरचा बाजूच्या खांबामधून गेलेल्या चेंडूंचा, प्रत्येकी १ गुण, म्हणजे ७८ विरुद्ध ४५. विजेत्यांच्या उत्तम खेळाडूंत चॅलिस होता. त्याच वर्षी लष्कराने त्याला घेतलं. ५८व्या बटालियनमधून तो उत्तर फ्रान्सला गेला आणि १५ जुलै १९१६ ला जर्मन तोफांच्या माऱ्यात मारला गेला. वय २५. चारच दिवसांनी तिथेच फ्रोमेलची लढाई झाली आणि एका रात्रीत ५,५३३ ऑस्ट्रेलियन मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले.

तो मुलूख सखल. थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून तिथे खंदक खाली खणता येत नसत, पोती रचून वर बांधावे लागत. हे वाचलं आणि मैदानाच्या नाल्याकडच्या कडेचा आपला बांध आठवला. दर पावसाळ्यात ती कड ढासळायची. एका वर्षी सरांनी नववीच्या दोन्ही तुकड्या लावल्या. पोतं पाऊणच भरायचं. गच्च भरलं तर ते गोल होतं आणि वरचं घसरतं. तोंड दुमडून खाली दाबायचं, शिवण आतल्या बाजूला ठेवायची. एक थर लांबीत, पुढचा आडवा, आणि सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. प्रत्येक थर धुमसाने ठोकून सपाट करायचा आणि भिंत आत किंचित कललेली ठेवायची. पहिल्या दिवशी आम्ही सरळ उभी रचली. रात्री पाऊस झाला आणि सकाळी अर्धी नाल्यात. सर रागावले नाहीत. पोती उपसून परत पहिल्या थरापासून सुरुवात करायला लावली.

चॅलिस पडला तिथून जवळच नव्ह शापेल आहे. सरांच्याच पलटणीच्या, खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या तिथे २८ ऑक्टोबर १९१४ ला लढल्या. तिथल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. सरांना ते बघायचं होतं, झालं नाही.

मैदानावर आता पेव्हर ब्लॉक बसवणार असल्याचं कळलं. पोरांच्या पायांना माती हवी, एवढंच म्हणतो. आणि समितीला हात जोडून विनंती: नाल्याच्या कडेला त्या बांधाचा तळचा थर अजून टिकून आहे म्हणतात. काम करताना तो उकरू नका.