ते संस्कृतचे प्रोफेसर नव्हते

मी जर्मन शिकवते म्हटलं की लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, "मॅक्स म्युलर म्हणजे ऑक्सफर्डचे संस्कृतचे प्रोफेसर ना? मग मॅक्स म्युलर भवनात जर्मन कसं शिकवतात?" वीस वर्षं हसून वेळ मारून नेली. आता सांगतेच.

ते संस्कृतचे प्रोफेसर कधीच नव्हते. १८५४ ते १८६८ ते तिथे आधुनिक युरोपीय भाषांचे प्रोफेसर होते. म्हणजे माझ्याच धंद्यातले. सायणाचार्यांच्या जुन्या भाष्यासकट ऋग्वेद छापणं चालू होतं, पण पगार जर्मनवगैरेचा.

१८६० मध्ये संस्कृतची जागा रिकामी झाली. निवड मतदानाने. विद्यापीठाचा कुठलाही एम.ए. मतदार, त्यात खेड्यापाड्यांतले पाद्री चिक्कार. म्युलर उभे राहिले. समोर मोनियर विल्यम्स, जन्म आपल्या मुंबईचा. ज्या कर्नल बोडेनच्या पैशातून ती जागा निघाली, त्याने मृत्युपत्रात हेतू लिहून ठेवलेला: हिंदुस्थानातल्या लोकांचं धर्मांतर सोपं व्हावं. पत्रकं निघाली, वर्तमानपत्रांतून हाणामारी झाली. ७ डिसेंबरला बाहेरगावच्या मतदारांसाठी खास आगगाड्या सोडल्या. डोळ्यांपुढे आणा: देवनागरीचा 'क' न ओळखणारा पाद्री गाडीतून उतरतो, संस्कृत कुणी शिकवावं ते ठरवतो आणि परतीची गाडी पकडतो. ८३३ विरुद्ध ६१०. म्युलर पडले.

वर्गात मी सांगायचे, जर्मन, म्हणजे परका म्हणून पाडलं, धर्माबद्दलची मतं सैल म्हणून पाडलं. ते आहेच. पण आपलं काम मिशनऱ्यांच्या उपयोगाचं आहे, असा प्रचार म्युलरांनीही केला होता. ते मी गाळायचे. आणि मोनियर विल्यम्स काही ऐरागैरा नव्हता. इंग्लंडात हेलीबरीला ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात त्याने वर्षानुवर्षं शिकवलं होतं. माझ्या टेबलावर आजही संस्कृत-इंग्रजी कोश त्याचाच आहे.

गाळायचे, कारण मीही संस्कृतचीच एम.ए. एका कॉलेजात जागा निघाली, मुलाखत छान झाली, नेमलं दुसरीला. मग पोटासाठी जर्मन. तेव्हापासून ते ८३३ पाद्री मी त्या निवड समितीत बसवून ठेवलेत.

म्युलरांसाठी १८६८ मध्ये विद्यापीठाने तौलनिक भाषाशास्त्राची नवी जागाच काढली. माझ्यासाठी कोण काढणार?

ती बाई चांगलं शिकवते म्हणतात. मी तिचा एकही तास ऐकलेला नाही. तरी ती जागा माझी होती, असं मला अजून वाटतं.