मळ्यातला सोलर: कंट्रोलरवर आधी व्होल्ट वाचावेत, मग अँपिअर

निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यांत जिथे विजेची लाइन पोहोचलेली नाही, किंवा पोहोचूनही तिचा भरवसा नाही, तिथे दोन प्लेटा, एक-दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर अशी मांडणी आता सर्रास दिसते. या मांडणीत प्लेट आणि बॅटरी यांच्या मध्ये बसून बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या चार्ज कंट्रोलरकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दुकानात गेल्यावर "किती अँपिअरचा देऊ?" असे विचारले जाते आणि गिऱ्हाईकही अँपिअर सांगून मोकळे होते. माझ्या मते पहिला प्रश्न व्होल्टचा असायला हवा, कारण अँपिअर थोडे कमी पडले तर चांगला कंट्रोलर विद्युतप्रवाह स्वतःच आवरतो आणि काही वीज वाया जाण्यापलीकडे फारसे बिघडत नाही. पण प्लेटांकडून येणारा दाब, म्हणजे व्होल्ट, कंट्रोलरच्या मर्यादेपलीकडे गेला, तर तो जळू शकतो.

यामागे प्लेटांच्या बदललेल्या घडणीचा भाग मोठा आहे. पूर्वी १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी म्हणून जी प्लेट मिळे तिच्यात ३६ सेल असत आणि ती सुमारे १८ व्होल्टवर कमाल वीज देई. एवढा जास्तीचा दाब ठेवण्याला कारण होते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात सेलचे तापमान ६५ अंशांपर्यंत चढते, दाब घसरून साडेपंधरा व्होल्टच्या आसपास येतो, आणि तरीही १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज होणाऱ्या बॅटरीला तो पुरतो. अशा प्लेटेला साधा, स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर अगदी योग्य होता. तो प्लेट सरळ बॅटरीला जोडतो आणि बॅटरी भरत आली की जोडणी झपाट्याने चालू-बंद करून प्रवाह आवरतो.

आज मात्र बाजारात प्रामुख्याने घराच्या छतांसाठी बनलेल्या ५४० वॅटच्या आसपासच्या प्लेटा दिसतात आणि वॅटमागे त्याच स्वस्त पडतात. अशी प्लेट साधारण ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअरवर कमाल वीज देते. ती पीडब्ल्यूएममार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडली, तर प्लेटेचा दाब बॅटरीच्या दाबापर्यंत खाली ओढला जातो, प्रवाह मात्र तेवढाच राहतो. १३ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट म्हणजे जेमतेम १७० वॅट. पैसे ५४० वॅटचे मोजून दोन तृतीयांश वीज छपरावरच सोडून दिल्यासारखे झाले. शिवाय मोकळ्या जोडणीत, म्हणजे पुढे काहीच जोडलेले नसताना, या प्लेटेचा दाब ४९-५० व्होल्ट असतो आणि अनेक स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरची मर्यादाच तेवढी असते. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे एमपीपीटी कंट्रोलर प्लेटेला तिच्या सोयीच्या दाबावर चालू देतो आणि तो दाब उतरवून त्या प्रमाणात प्रवाह वाढवून बॅटरीला देतो. त्याला चमत्कार समजू नये. जुन्या ३६ सेलच्या प्लेटेवर ऐन उन्हाळ्यात त्याचा फायदा नगण्य असतो, आणि इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पावसाळ्यात ढगांआड ऊनच नसेल तर तोही काही करू शकत नाही.

आता निफाडच्या थंडीकडे येतो, कारण तिथली खरी गफलत द्राक्षबागायतदारांना नेमकी ठाऊक असलेल्या त्या थंड पहाटेतच आहे. निफाडला हिवाळ्यात पारा कित्येकदा पाच अंशांपर्यंत आणि त्याखालीही उतरतो. प्लेटेवर छापलेला मोकळ्या जोडणीचा दाब २५ अंशांचा असतो, आणि तापमान दर अंशाने उतरले की तो साधारण ०.२८ टक्क्यांनी वाढतो. ४९.५ व्होल्टच्या दोन प्लेटा मालिकेत, म्हणजे एकीमागे एक, जोडल्या तर कागदावर ९९ व्होल्ट होतात आणि १०० व्होल्टचा कंट्रोलर पुरेसा वाटतो. पाच अंशांना मात्र तोच दाब १०४ व्होल्टच्या पुढे जातो. कोवळ्या उन्हात प्रवाह नाममात्र असला तरी दाब जवळजवळ पूर्ण चढलेला असतो आणि सेल अजून गार असतात, म्हणून धोका दुपारी नसून सकाळी असतो. यावर उपाय दोन आहेत: १५० व्होल्टचा कंट्रोलर घ्यावा, किंवा २४ व्होल्टची बॅटरी ठेवून प्लेटा समांतर जोडाव्यात. समांतर जोडणीत प्रवाह २६ अँपिअर होतो, तेव्हा वायर जाड लागते.

बॅटरीच्या बाजूला तापमानाचा हिशेब असाच उलटा चालतो. पाण्याच्या बॅटरीला १४.४ व्होल्ट हा आकडा २५ अंशांचा आहे. ४० अंशांना तो सुमारे १४ व्होल्टवर आणावा लागतो, नाहीतर पाणी भराभर आटते. बरेच कंट्रोलर हे आपोआप करतात, परंतु त्यांचा तापमापक बहुधा डब्यातच असतो. कंट्रोलर तापलेल्या पत्र्याच्या भिंतीवर आणि बॅटरी आत गारव्याला असेल, तर तो चुकीच्या जागेचे तापमान मोजून बॅटरी अर्धवट भरलेली ठेवतो. बॅटरीला चिकटवायचा वेगळा सेन्सर मिळत असेल तर त्याचे पैसे अवश्य मोजावेत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला ही तापमानानुसारची दुरुस्ती नको आणि इक्वलायझेशन (अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टवर चार्ज करणे) तर मुळीच नको. तिच्यासाठी सेटिंग बदलता येत नसेल तो कंट्रोलर घेऊ नये. (सौर कृषिपंपासोबत येणारा कंट्रोलर थेट मोटर चालवतो, बॅटरी चार्ज करण्यासाठी तो वापरता येईल असे समजू नये.)

स्वस्तात मिळणाऱ्या डब्यावर एमपीपीटी ही अक्षरे छापलेली असली, तरी आत पीडब्ल्यूएमच निघू शकतो. दाब उतरवायला आत तांब्याच्या तारेची जड कॉइल लागते, त्यामुळे चाळीस अँपिअरचा म्हणवणारा कंट्रोलर हातात अगदी हलका लागला तर शंका घ्यावी. खात्री करायची तर बॅटरी अर्धी रिकामी असताना भर उन्हात डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आधी प्लेटेच्या वायरीला आणि मग बॅटरीच्या वायरीला लावावा. प्लेटेचा दाब बॅटरीपेक्षा बराच जास्त असूनही दोन्हीकडे सारखेच अँपिअर दिसले, तर तो एमपीपीटी नव्हे आणि दुकानदाराकडे परत न्यायला हरकत नाही. काढताना आधी प्लेटेची वायर सोडवावी आणि मग बॅटरीची. जोडताना क्रम उलटा, म्हणजे आधी बॅटरी, मग प्लेट.