तुम्ही विचारलंत म्हणून : प्रश्न लावून काय होतं?

‘विधानसभेत प्रश्न लावून काय होते वो ताई?’ धारणीकडे गेले की हे कोणी ना कोणी विचारतंच. अंगणवाडी सेविका विचारतात, आशाताई विचारतात, परतवाड्यातली शिकलेली पोरंही विचारतात. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटाच्या गावांतून माहिती गोळा करून मी ती आमदारांपर्यंत पोचवते. पक्ष बघत नाही, जो प्रश्न लावायला तयार होईल त्याच्याकडे कागद देते. उत्तर आलं की ते गावात नेऊन वाचून दाखवते.

प्रश्न लावला म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टर येत नाही की नाल्यावर पूल होत नाही. पण एका ठरलेल्या तारखेला, एका मंत्र्याच्या नावाने, शासनाला छापील उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर आपल्या हाताशी येतं. आणि प्रश्न जितका नेमका, तितकं ते कामाचं असतं.

तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं त्या प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तराचाही साचा आहे. ‘मेळघाटातील आरोग्यसेवा कोलमडली आहे, हे खरे आहे काय?’ असं विचारलं की ‘हे खरे नाही’ एवढ्यावर भागतं आणि खालच्या सगळ्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ लागतं. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गेली. तेव्हापासून किती योजना आल्या, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या. एवढं होऊनही एखाद्या आईचं दुःख तीन शब्दांत मिटवलेलं कागदावर दिसतं, तेव्हा माझा जीव जळतो.

म्हणून विचारायचं ते असं. डोंगरातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाया बाळंतपणाला जायच्या आणि डॉक्टर नाही म्हणून परत यायच्या. ‘पदे रिक्त आहेत काय’ एवढंच विचारलं असतं, तर ‘दोन्ही पदे भरलेली आहेत’ असं उत्तर आलं असतं आणि ते खोटंही नसतं. आम्ही चार गोष्टी वेगवेगळ्या विचारायला लावल्या : वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, भरलेल्यांपैकी प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे किती, आणि रात्री मुख्यालयी मुक्कामाला कोण असतं. उत्तरात आलं की पदं दोन, दोन्ही भरलेली, त्यातला एक अधिकारी प्रतिनियुक्तीवर. म्हणजे पगार या केंद्रातून आणि काम दुसऱ्या गावात. गावाला हे माहीत होतंच. आता ते शासनाने स्वतः छापून दिलं होतं.

त्या केंद्राखालच्या एका गावात ग्रामसभेत ते उत्तर वाचलं. एक शिकलेला पोरगा एकेक ओळ कोरकू भाषेत सांगत होता. पाठीमागे बसलेली एक म्हातारी उठली आणि हिंदीत म्हणाली, ‘तो फिर हमारा डागदर वापस भेजो, इतनाच लिखो.’ ठरावात तेवढंच लिहिलं. उत्तराची प्रत जोडून ठराव तालुक्याला, जिल्ह्याला आणि प्रश्न लावणाऱ्या आमदारांना गेला. पुढे ती प्रतिनियुक्ती रद्द झाली. केंद्राच्या रुग्णवाहिकेवरच्या चालकाचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे.

उत्तर यायच्या आधीही बरंच काही घडतं, ते बाहेरून दिसत नाही. कार्यालयात या प्रश्नाला एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. मंत्रालयातून पत्र सुटलं की ते जिल्हा परिषदेत, तिथून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि शेवटी आरोग्य केंद्रात येतं. ‘माहिती तात्काळ सादर करावी.’ एरवी कपाटात पडलेलं हजेरीपत्रक निघतं, गाडीचं लॉगबुक निघतं, औषधांचा साठा मोजला जातो. सभागृहाची दिशाभूल केली तर हक्कभंगाचा प्रस्ताव येऊ शकतो, म्हणून एरवी ‘निरंक’ (सांगण्यासारखं काही नाही) लिहून पाठवणारा माणूसही त्या दिवशी नीट आकडा लिहितो. चांगले अधिकारी तर अशा प्रश्नाची वाटच बघत असतात. त्यांनी चार वेळा मागितलेली गोष्ट त्या निमित्ताने वर पोचते.

रस्ता, पूल आणि मोबाइल टॉवर यांचं काम सर्वांत किचकट. मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे, त्यामुळे बऱ्याच कामांना वन खात्याची परवानगी लागते. बांधकाम खातं म्हणतं, प्रस्ताव वन विभागाकडे प्रलंबित आहे. वन खात्याला विचारलं की उत्तर येतं, परिपूर्ण प्रस्ताव प्राप्त झालेला नाही. ही दोन उत्तरं वेगवेगळ्या अधिवेशनांत आली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून एकाच अधिवेशनात दोन्ही मंत्र्यांना विचारायचं आणि दोघांकडे तारीख मागायची : कोणत्या दिवशी पाठवला, कोणत्या दिवशी मिळाला, त्रुटी कोणत्या काढल्या. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की फाइल कुठे अडकलीय ते कळतं. पोरांच्या प्रश्नांचंही तसंच. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासकडे, दवाखाना सार्वजनिक आरोग्यकडे. पोर एकच असतं, पण मंत्री तीन असतात.

वेळही साधावी लागते. पावसाळ्यात सिपना, खापरा या नद्या फुगतात, गावं तुटतात, आणि याच दिवसांत लेकरं जास्त आजारी पडतात. पावसाळी अधिवेशनात पुलाचा प्रश्न लावून त्या पावसाला काही उपयोग होत नाही. तो डिसेंबरात नागपूरला लावावा. पुरवणी मागण्या तिथे येतात आणि मार्चच्या अर्थसंकल्पाची तयारीही तेव्हा सुरू असते.

नागपूरचं अधिवेशन म्हणूनच मला मोलाचं वाटतं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं. विदर्भाने तो शब्द घेऊन राज्यात यायचं मान्य केलं. २०२० चं हिवाळी अधिवेशन करोनामुळे आणि २०२१ चं मुख्यमंत्र्यांच्या प्रकृतीमुळे मुंबईतच झालं, ते समजून घेता येतं. पण २०२४ मध्ये मंत्र्यांचा शपथविधी १५ डिसेंबरला नागपुरातच झाला, १६ ते २१ डिसेंबर अधिवेशन चाललं आणि खातेवाटप झालं ते अधिवेशन आटोपल्यावर. खातंच ठरलेलं नसेल तर आमच्या दवाखान्याचं उत्तर कोणत्या मंत्र्याकडे मागायचं? आठवड्याभराचं अधिवेशन विदर्भाला पुरत नाही. हे मी प्रत्येक पक्षाच्या आमदाराला तोंडावर सांगते.

आणखी एक विचारतात : मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत करू’ म्हटलं आणि केलं नाही तर? विधिमंडळाची आश्वासन समिती त्यासाठीच आहे. मंत्र्याने दिलेला शब्द तिच्याकडे नोंदला जातो आणि खात्याला तिच्यापुढे उत्तर द्यावं लागतं. हे काम संथ चालतं, कधी विधानसभेची मुदत संपते. म्हणून पाठपुरावा आमदारावर टाकून मोकळं होऊ नका. ज्या दिवशी आश्वासन मिळालं त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत मागून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावा. सरपंच बदलला तरी कागद तिथेच राहतो.

आता पुढच्या अधिवेशनासाठी मला १०२ नंबरवर बोलवायच्या, बाळंतिणींना नेणाऱ्या सरकारी गाड्यांची माहिती हवी आहे. ‘गाडी येतच नाही’ असं सांगू नका. फोन कोणत्या तारखेला, किती वाजता लावला, गाडी किती वाजता आली, आली नसेल तर बाईला कशावर नेलं, हे आशाताईंच्या वहीतून उतरवून आणा. बाईचं नाव नको. गाव आणि तारीख असली की प्रश्न लागतो.