अंगाची ऊब

पांघरुणाला स्वतःची उष्णता नसते. आपल्याच अंगाची साधारण ३७ अंशांची उष्णता ते अडवून धरतं, तीही धाग्यांत साठलेल्या हवेच्या जोरावर. माणसाच्या कुशीचं तसं नाही, तिथे देणारं कुणीतरी असतं.

माझी भाची दिवस भरायच्या आधी जन्मली. एवढ्याशा जिवाला थंडीत कुडकुडताही येत नाही, आणि अंगावर चरबी फारशी नसल्याने उष्णता भराभर निघून जाते. नर्सने तिला ताईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून कापड गुंडाळलं. या पद्धतीला 'कांगारू मदर केअर' म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली ती सुरू झाली, कारण तिथे इन्क्युबेटर अपुरे पडत होते.

मी शेजारीच उभी होते. बाळाची घट्ट आवळलेली मूठ हळूहळू सैल पडली, आणि ताईच्या कपाळावरची आठीसुद्धा. कोण कुणाला ऊब देत होतं, सांगता येईना!

पुढे भावजींनीही तिला तासन्‌तास असंच छातीशी धरलं. वडिलांनी धरलं तरी चालतं, हे अजून कितीतरी घरांत माहीत नसतं. ते प्रत्येक बापाला आवर्जून सांगायला हवं.